‘आय ॲम अफ्रेड’ लिहिणारा घाबरलेलाच असतो का?

पत्र थोडक्यात: रावेर तालुक्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय २४, बारावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. दीड वर्षापासून त्या केळी निर्यात करणाऱ्या एका लहानशा ऑफिसात आहेत. बॉक्सची मोजणी, कागदपत्रं आणि परदेशी खरेदीदारांच्या मेलना उत्तरं देणं हे त्यांचं काम. मागच्या महिन्यात एका खरेदीदाराचा मेल आला: ‘आय ॲम अफ्रेड सम ऑफ द बॉक्सेस अराइव्ह्ड राइप.’ मोबाइलवर भाषांतर केलं तर ‘मला भीती वाटते’ असं आलं. त्यांनी शेठजींना सांगितलं, पार्टी घाबरली आहे. शेठजी म्हणाले, धीर द्या. ताईंनी लिहून पाठवलं: ‘सर, डोन्ट बी अफ्रेड, वी आर विथ यू.’ दोन दिवस काहीच उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी थेट बिलातून कपात केल्याचा मेल. कुणीतरी खरा अर्थ सांगितल्यावर ऑफिसभर हसू झालं. तेव्हापासून मेल उघडतानाच त्यांच्या पोटात गोळा येतो. त्या विचारतात: या शब्दाचा नेमका अर्थ काय? तो टाळून सगळीकडे ‘सॉरी’ लिहिलं तर चालेल का? जळगावला क्लास लावू, की मेलचं काम दुसऱ्या कुणाला द्यायला सांगू? ‘मराठी माध्यमाच्या मुलीनं हे काम घ्यायलाच नको होतं का?’

ताई,

तुम्ही पाठवलेलं वाक्य व्याकरणानं चोख होतं. ‘डोन्ट’नंतर ‘बी’, ‘बी’नंतर ‘अफ्रेड’, सगळं जागच्या जागी. म्हणजे शाळेत शिकवलेलं इंग्रजी तुम्हाला येतं. चूक झाली ती समोरच्याचं वाक्य वाचताना, आणि तिचा मराठी माध्यमाशी संबंध नाही. एका शब्दाला एकच अर्थ असतो असं धरून चाललं की कोणत्याही माध्यमातल्या माणसाची हीच गत होते.

आपल्याकडचंच बघा. व्यापाऱ्याला क्विंटलमागे पन्नास रुपये वाढवून मागितले आणि तो म्हणाला, ‘पाहू ना भाऊ.’ तुम्ही-आम्ही लगेच समजतो की भाव वाढणार नाही. बाहेरच्या माणसानं कोशात ‘पाहणे’ शोधलं तर तो वाट बघत बसेल, की हा आता काहीतरी पाहणार आहे. ‘आय ॲम अफ्रेड’चं तसंच आहे. समोरच्याला न रुचणारी गोष्ट सांगायची असते, ती थेट तोंडावर फेकायची नसते, म्हणून आधी हे तीन शब्द ठेवायचे. मुळात भाव असा, की ‘हे तुम्हाला आवडणार नाही अशी धास्ती वाटते, तरी सांगतो.’ वापरून वापरून त्यातली धास्ती झिजली, सभ्यपणा तेवढा उरला. मराठीत आपण तिथे ‘माफ करा, पण’, ‘सांगायला वाईट वाटतं, पण’ किंवा ‘दुर्दैवानं’ म्हणतो. तुमच्या खरेदीदाराचं वाक्य मराठीत असं होतं: ‘सांगायला वाईट वाटतं, पण काही बॉक्समधला माल पिकलेला आला.’

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगायची आहे, कारण पैसे तिथे जातात. शब्द मऊ असला तरी मागचा मजकूर ठाम असतो. ‘आय ॲम अफ्रेड वी कान्ट ॲक्सेप्ट धिस लॉट’ याचा अर्थ ‘हा माल आम्ही घेत नाही’. त्यात घासाघीस करायला जागा आहे असं ‘अफ्रेड’ मुळीच सांगत नाही. म्हणून मेल वाचताना एक सवय लावा. ‘आय ॲम अफ्रेड’वर बोट ठेवून ते झाका आणि उरलेलं वाक्य वाचा. ‘सम ऑफ द बॉक्सेस अराइव्ह्ड राइप.’ ही तक्रार आहे, आणि उत्तर तक्रारीला द्यायचं आहे.

मग खरी भीती आणि नुसता सभ्यपणा ओळखायचा कसा? ‘अफ्रेड’नंतर काय येतं ते बघा. ‘ऑफ’ आलं तर भीती खरी. ‘टू’ आणि क्रियापद आलं तरी सहसा भीती किंवा कचरणं खरं. पूर्ण वाक्य आलं, म्हणजे कर्ता आणि क्रियापद दोन्ही, तरच दोन शक्यता उरतात. तिथे विचारायचं: ही गोष्ट घडून गेली आहे की अजून घडायची आहे? बॉक्स पिकलेले आले, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. झालेल्या गोष्टीची भीती कशी वाटेल? म्हणजे हा सभ्यपणा. पण ‘आय ॲम अफ्रेड द फ्रूट विल राइपन ऑन द वे’ असं कुणी लिहिलं, तर माल अजून वाटेत आहे, काय होईल ठाऊक नाही, आणि काळजी खरी आहे. तिथे धीर दिला तर शोभेल, अर्थात धीरासोबत कंटेनरच्या तापमानाचा आकडाही द्या.

दुसरी खूण कर्त्याची. सभ्यपणाचा वापर बहुतेक ‘आय’ किंवा ‘वी’सोबत होतो, कारण वाईट बातमी सांगणारा स्वतःच बोलत असतो. ‘ही इज अफ्रेड’, ‘द वर्कर्स आर अफ्रेड’ असं नुसतं आलं तर ते लोक खरंच घाबरलेले आहेत असं समजा. प्रश्नातही तसंच. ‘आर यू अफ्रेड?’ म्हणजे ‘घाबरलास का?’ एवढंच.

दोन छोटी उत्तरं पाठ करून ठेवा. ‘इज द व्हेसल डिलेड?’ म्हणजे ‘जहाजाला उशीर झालाय का?’ याला वाईट बातमीचा होकार ‘आय ॲम अफ्रेड सो’, आणि ‘कॅन यू शिप टुडे?’ याला नकार द्यायचा असेल तेव्हा ‘आय ॲम अफ्रेड नॉट’. ‘अफ्रेड येस’, ‘अफ्रेड नो’ असं कुणी म्हणत नाही.

आता तुम्ही स्वतः हा शब्द लिहाल तेव्हाचं. इथे मराठी बोलणाऱ्याची एक ठरलेली अडचण होते, तिच्याकडे जरा जवळून बघू. आपण म्हणतो, ‘मी कुत्र्याला घाबरते.’ ‘ला’ दिसला की हात आपोआप ‘टू’ लिहितो: ‘आय ॲम अफ्रेड टू डॉग.’ कुणी ‘कुत्र्यापासून’ असा विचार करतं आणि ‘अफ्रेड फ्रॉम डॉग’ लिहितं. दोन्ही चूक. पण यावरचा उपायही मराठीतच आहे. तेच वाक्य ‘भीती वाटणे’नं म्हणा: ‘मला कुत्र्याची भीती वाटते.’ ‘ला’ जाऊन ‘ची’ आला, आणि ‘ची’ म्हणजे ‘ऑफ’. ‘आय ॲम अफ्रेड ऑफ डॉग्ज.’ घरी अहिराणी बोलत असाल तर ‘ची’च्या जागी ‘नी’ येईल, काम तेच. नामाला, म्हणजे वस्तूला, प्राण्याला, माणसाला घाबरायचं असेल तर आधी ‘ची भीती’ करून बघा, ‘ऑफ’ आपोआप सापडेल.

मग ‘ला’ म्हणजे ‘टू’ कधीच नाही का? आहे, तो क्रियापदाला चिकटला असेल तेव्हा. ‘मी विचारायला घाबरते’: ‘आय ॲम अफ्रेड टू आस्क.’ ‘ती गच्चीवर जायला घाबरते’: ‘शी इज अफ्रेड टू गो अप टू द टेरेस.’ म्हणजे ‘कुत्र्याला’मधला ‘ला’ ‘ऑफ’कडे जातो आणि ‘विचारायला’मधला ‘ला’ ‘टू’कडे. हा एक फरक हाताला बसला की ‘अफ्रेड’च्या बहुतेक चुका थांबतात.

‘ऑफ’नंतर क्रियापद घ्यायचंच असेल तर ते ‘इंग’ लावून येतं आणि अर्थ थोडा सरकतो. ‘अफ्रेड टू क्लाइम्ब’ म्हणजे भीतीमुळे चढायलाच तयार नाही. ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’ म्हणजे पडेन अशी भीती, जी गोष्ट आपण ठरवून करत नाही, आपोआप होऊ शकते. म्हणूनच ‘अफ्रेड टू फॉल’ कानाला खटकतं, जणू कुणी पडायला सांगितलंय आणि हा नाही म्हणतोय. क्वचित ‘फॉर’ही लागतो. मुलगा रात्री मोटारसायकलनं भुसावळला निघालाय आणि आईचा जीव टांगणीला लागलाय, तर ती ‘अफ्रेड फॉर हिम’. ‘अफ्रेड ऑफ हिम’ लिहिलं तर आई मुलालाच घाबरते असं होईल.

जागेचाही एक कडक नियम आहे. ‘घाबरलेलं पोर’ म्हणताना आपण विशेषण नामाच्या आधी ठेवतो. ‘ॲन अफ्रेड चाइल्ड’ असं मात्र इंग्रजीत होत नाही. ‘अफ्रेड’ क्रियापदानंतर बसतो: ‘द चाइल्ड इज अफ्रेड.’ नामाच्या आधी हवं असेल तर ‘फ्राइटन्ड’ घ्या: ‘अ फ्राइटन्ड चाइल्ड.’ ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’, ‘अवेक’, ‘अलोन’ हे शब्दही असेच क्रियापदामागून चालणारे. शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशात, ज्यांना लर्नर्स डिक्शनरी म्हणतात, अशा शब्दापुढे ‘नॉट बिफोर नाउन’ असं छापलेलं असतं. फक्त मराठी अर्थ देणाऱ्या ॲपमध्ये ही सूचना सहसा नसते, म्हणून तो एक कोश मोबाइलवर ठेवाच.

‘अफ्रेड’ मुळात भूतकाळी रूप आहे. ‘अफ्रे’ नावाचं जुनं क्रियापद होतं, अर्थ हल्ला करून दचकवणे. त्याचं ‘दचकवलेला’ हे रूप म्हणजे आपला शब्द. क्रियापद वापरातून गेलं, पण ‘अफ्रे’ हे नाम कायद्यात अजून आहे. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १५९ मध्ये दोन किंवा जास्त माणसांनी सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता मोडण्याला हाच शब्द आहे. ज्या शब्दाचं नातं मारामारीशी आहे तो आज सगळ्यात सभ्य नकारासाठी वापरला जातो, इतका शब्द बदलतो. एखादा अर्थ चुकला म्हणून स्वतःला इतकं कोसू नका.

‘मला भीती वाटत आहे’वरून पुष्कळ जण ‘आय ॲम फिअरिंग’ लिहितात. ते टाळा. मराठीत भीती येते आणि ‘मला’ वाटते, अहिराणीत ‘माले’. माणूस बाजूला उभा असतो. इंग्रजीत माणूसच पुढे येतो आणि ‘अफ्रेड’ असतो: ‘आय ॲम अफ्रेड.’ ‘आय हॅव अफ्रेड’ही चूक, कारण ‘अफ्रेड’ हे विशेषण आहे, नाम नाही. ‘आय ॲम फ्राइटनिंग’ तर भलतंच: त्याचा अर्थ ‘मी लोकांना घाबरवणारी आहे’. ‘एड’चं रूप ज्याला भीती वाटते त्याचं, ‘इंग’चं रूप जे भीती घालतं त्याचं. वादळ ‘फ्राइटनिंग’, आपण ‘फ्राइटन्ड’.

बाकीच्या भावंडांची ओळख थोडक्यात. ‘स्केअर्ड’ बोलण्यातला, घरगुती. गिऱ्हाइकाच्या मेलमध्ये नको. ‘फ्राइटन्ड’मध्ये बहुधा अचानक दचकणं असतं. ‘टेरिफाइड’ म्हणजे थरकाप उडालेला; तो आधीच टोकाचा असल्यानं त्याला ‘व्हेरी’ लावू नका, ‘ॲब्सोल्यूटली’ चालतो. ‘पेट्रिफाइड’ म्हणजे भीतीनं दगड झालेला, आपल्या ‘थिजला’च्या जवळचा. स्वभावानं भित्रा माणूस ‘टिमिड’. त्याला ‘अफ्रेड’ म्हणू नका, कारण ‘अफ्रेड’ त्या वेळची अवस्था सांगतो. ‘टेरिफिक’पासून सावध राहा: एके काळी त्याचा अर्थ भयानक होता, आज तो ‘एकदम झकास’. खरेदीदारानं ‘टेरिफिक क्वालिटी’ लिहिलं तर पेढे वाटा. नवल वाटायला नको, आपणही ‘भयंकर आवडलं’ म्हणतोच.

उच्चार करताना जोर ‘फ्रे’वर द्या, सुरुवातीचा ‘अ’ अगदी हलका. ‘फ’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा सोडा. ‘फळ’मधला ओठ मिटणारा ‘फ’ इथे नको. फोनवर बोलायची वेळ आली तर हे उपयोगी पडेल.

आता ‘सॉरी’. सगळीकडे ‘सॉरी’ लिहिण्याचा सुरक्षित वाटणारा मार्ग तुमच्या धंद्यात सुरक्षित नाही. ‘सॉरी’ दोन अर्थांनी वाचला जातो, ‘वाईट वाटलं’ आणि ‘चूक आमची’. माल कुठे पिकला, पॅकहाउसमध्ये, बंदरावर की जहाजात, हे कळायच्या आधीच ‘वी आर सॉरी द बॉक्सेस अराइव्ह्ड राइप’ लिहिलं तर वाचणारा ते कबुलीसारखं घेऊ शकतो. चूक आपली आहे हे नक्की असेल तेव्हा मनापासून ‘सॉरी’ म्हणा, तिथे ‘अफ्रेड’मागे लपणं बरं दिसत नाही. वाईट बातमी द्यायची आहे पण दोष कुणाचा हा प्रश्नच नाही, तिथे ‘आय ॲम अफ्रेड’: ‘आय ॲम अफ्रेड द व्हेसल इज डिलेड बाय फोर डेज.’ तेही जड वाटलं तर ‘अनफॉर्च्युनेटली’ लिहा आणि पुढे स्वल्पविराम द्या. मेलसाठी हा शब्द उत्तम, त्यात भीतीचा गोंधळच नाही. मात्र तिन्ही एका वाक्यात कोंबू नका. आणि चांगल्या बातमीआधी ‘आय ॲम अफ्रेड’ कधीही नको. ‘आय ॲम अफ्रेड द कंटेनर हॅज लेफ्ट’ वाचून माणूस समजेल की कंटेनर सुटायला नको होता.

शेठजींना, सहकाऱ्यांना इंग्रजीत काही विचारायला सांगायचं असेल तर ‘डोन्ट बी अफ्रेड टू आस्क’ बरोबर आहे, पण त्यात समोरचा कचरतोय असं गृहीत धरलं जातं. आपण ज्याला ‘निःसंकोच विचारा’ म्हणतो, तिथे भीती नसते, भीड असते. गिऱ्हाइकाला ‘प्लीज फील फ्री टू आस्क’ लिहा.

क्लासबद्दल. स्पोकन इंग्लिशच्या क्लासात साधारण स्वतःची ओळख, काळ आणि गटचर्चा यांवर भर असतो. तुम्हाला आज हव्या आहेत वाईट बातमी, नकार, मागणी आणि मुदत यांच्या ओळी. त्या तुमच्या इनबॉक्समध्येच पडल्या आहेत. मागच्या सहा महिन्यांचे मेल काढा. ज्या वाक्यांत ‘अफ्रेड’, ‘अनफॉर्च्युनेटली’, ‘रिग्रेट’, ‘क्लेम’, ‘डिडक्ट’, ‘रिजेक्ट’ आहे ती वहीत हातानं उतरवा. शेजारच्या रकान्यात मराठी भाषांतर लिहू नका. ‘त्याला आपल्याकडून काय हवं आहे?’ ते लिहा: फोटो, पैसे, तारीख की होकार. रोज वीस मिनिटं, महिनाभर. भाषांतराच्या ॲपलाही पूर्ण परिच्छेद द्या, सुटं वाक्य दिलं की ते ‘भीती’वरच अडकतं. परदेशी लोकांशी फोनवर बोलायचं काम पुढे आलं, तर तेव्हा क्लासचा विचार करा.

मेलचं काम सोडू नका. शेठजींशी फक्त एक गोष्ट ठरवून घ्या. माल किंवा पैसा यांबद्दलचा मेल असेल तर आधी त्याच दिवशी दोन ओळींची पोच द्यायची, आणि सविस्तर उत्तर दोघांनी वाचून पाठवायचं. तुमच्या प्रसंगात दोन दिवस गेले ते त्या खरेदीदाराला काय उत्तर द्यावं ते कळलं नाही म्हणूनही असतील. धीर देणारा मेल वाचून तो बुचकळ्यात पडला असेल, रागावलाच असेल असं नाही.

त्याला अजूनही लिहिता येईल. हा मसुदा वापरा, आकडे तुमचे घाला:

‘डिअर सर, आय मिसअंडरस्टुड युवर फर्स्ट मेसेज, ॲन्ड आय ॲम सॉरी फॉर द कन्फ्यूजन. प्लीज सेन्ड अस फोटोज ऑफ द राइप फ्रूट विथ द बॉक्स लेबल्स, द नंबर ऑफ बॉक्सेस अफेक्टेड, ॲन्ड द पल्प टेम्परेचर ॲट ओपनिंग. वी विल चेक द टेम्परेचर रेकॉर्ड ऑफ द कंटेनर ॲन्ड रिप्लाय बाय फ्रायडे. आय ॲम अफ्रेड वी कान्ट ॲग्री टू द डिडक्शन बिफोर दॅट.’

यात ‘सॉरी’ एकदाच आहे आणि तो फक्त तुमच्या गैरसमजाबद्दल आहे, मालाबद्दल नाही. ‘पल्प टेम्परेचर’ म्हणजे केळ्याच्या आतल्या गराचं तापमान. केळी प्रवासात साधारण १३ ते १४ अंश सेल्सिअसला ठेवतात, त्यामुळे कंटेनरचा रेकॉर्ड बघितल्याशिवाय दोष कुणाचा ते ठरत नाही, आणि शेवटची ओळ तेच सांगते. पाठवण्याआधी शेठजींना शेवटची ओळ मराठीत वाचून दाखवा: ‘माफ करा, पण त्याआधी कपात आम्हाला मान्य नाही.’